जुनी मोटार ट्रेलरवर बांधताना : काय आवळावे, काय मोकळे ठेवावे

मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी अशा विषयांवरील लेखांची सवय असलेल्या आपल्या स्मरणिकेच्या वाचकांना प्रस्तुत विषय पाहून थोडे नवल वाटेल. परंतु संपादक मंडळाने ‘आपल्या छंदातून इतरांना उपयोगी पडेल असे काही लिहा’ अशी सूचना केली, तेव्हा माझ्यासमोर हाच विषय उभा राहिला. व्यवसायाने मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे आणि गेली अनेक वर्षे रविवारची सकाळ जुन्या मोटारींच्या सहवासात घालवीत आलो आहे. या दोन्ही क्षेत्रांत एक प्रश्न समान आहे. जी वस्तू स्वतःच्या बळावर सुरक्षित प्रवास करू शकत नाही, तिला इजा न होता एका ठिकाणाहून दुसरीकडे कसे न्यावे?

हा प्रश्न अलीकडे आपल्या सभासदांकडून वरचेवर विचारला जातो, त्याला कारणेही आहेत. मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागलेली फियाट ११०० डी ही डॉक्टरांची आवडती गाडी होती. वडोदऱ्यातील जुन्या पिढीच्या कित्येक डॉक्टरांनी आपल्या घरभेटी याच गाडीतून केल्या. त्यांतील काही गाड्या आजही वारसांच्या आवारात उभ्या आहेत. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि पहिल्या नोंदणीनंतर ५० वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘विंटेज’ म्हणून नोंदविण्याची तरतूद झाली. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या प्रांगणात देशभरातील जुन्या मोटारींचा मोठा मेळावा भरला. तो पाहून आल्यावर अनेकांना घरच्या गाडीची नव्याने आठवण झाली.

या नियमांप्रमाणे विंटेज गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा ठरावीक कारणांसाठी रस्त्यावर आणता येते; रोजच्या वापरासाठी अथवा धंद्यासाठी नाही. म्हणजे रॅलीला ती स्वतःच्या चाकांवर जाऊ शकते. तरीही तीनशे-चारशे किलोमीटरचा महामार्ग, उन्हाचा ताप, अवजड वाहनांची रहदारी आणि साठ वर्षांपूर्वीचे ब्रेक यांचा विचार करता बहुतेक जाणते लोक गाडी ट्रेलरवरून नेणे पसंत करतात. एकदा गाडी ट्रेलरवर चढली की ती वाहन राहत नाही. तो सुमारे ९०० किलो वजनाचा, चार चाकांवर उभा असलेला, हलण्यास सदैव तयार असा भार होतो. तो कसा बांधावा, हा या लेखाचा विषय.

गाडीची शरीररचना

कोणताही अवयव बांधण्यापूर्वी त्याची रचना ठाऊक हवी. फियाट ११०० डी या गाडीला जीप किंवा ट्रकप्रमाणे वेगळी चौकट नाही. तिची बॉडी आणि तळ एकसंध आहेत. या एकसंध पेटीखाली पुढे स्वतंत्र स्प्रिंगांवर दोन चाके आणि मागे पाट्यांवर टेकलेला आडवा, अखंड ॲक्सल आहे. थोडक्यात गाडीचे दोन भाग पडतात. चाके आणि मागचा ॲक्सल हा खालचा भाग जमिनीवर टेकलेला असतो. बॉडी, इंजिन, आसने हा वरचा भाग स्प्रिंगांवर तरंगत असतो. रस्त्यातील धक्का खालचा भाग घेतो आणि वरच्या भागापर्यंत तो सौम्य होऊन पोहोचतो.

जुन्या गाडीत या दोन भागांमधील दुवे म्हणजे रबरी बुश, पाट्यांच्या कड्या, शॉक ॲब्सॉर्बर हे झिजलेले असतात. तळाचा पत्रा काही ठिकाणी गंजून पातळ झालेला असतो. वरून चकचकीत रंग दिसला म्हणून खालच्या पत्र्यात बळ आहे असे समजू नये. रुग्णाच्या चेहऱ्यावरून त्याच्या हाडांची घनता कळत नाही, तसेच हे आहे.

बळांचा हिशेब

ट्रेलरवरील गाडीवर चार दिशांनी बळे काम करतात. ब्रेक मारला की गाडी पुढे जाऊ पाहते. ट्रेलर चढावर झटक्याने निघाला की ती मागे जाऊ पाहते. वळणावर ती बाहेरच्या बाजूला ढकलली जाते. आणि खड्ड्यातून जाताना ती क्षणभर वर उचलली जाते. ही चौथी दिशा बहुतेकांच्या लक्षात येत नाही, परंतु तीच सर्वांत कपटी आहे. टायर आणि ट्रेलरचा पत्रा यांमधील घर्षण गाडीच्या वजनावर अवलंबून असते. चाक उचलले गेले त्या क्षणी वजन नाही आणि म्हणून घर्षणही नाही. नेमका त्याच क्षणी बाजूने धक्का बसला तर गाडी सरकते.

अमेरिकेतील मालवाहतुकीच्या नियमांत या बळांचे ठोकताळे दिलेले आहेत. पुढच्या दिशेने भाराच्या वजनाच्या ८० टक्के आणि मागे व बाजूला प्रत्येकी ५० टक्के बळ सहन होईल अशी बांधणी असावी, असे ते सांगतात. आपल्या ९०० किलोंच्या फियाटला हे लावून पाहू. पुढच्या दिशेने ७२० किलोंचे आणि मागे किंवा बाजूला ४५० किलोंचे बळ रोखावे लागेल. हँडब्रेकवर किंवा टायरखाली सरकवलेल्या एखाद्या विटेवर एवढा भरवसा ठेवता येणार नाही, हे आकडे पाहताच पटावे.

गाडीला पुढे जाण्यापासून रोखतात ते मागचे पट्टे, कारण ते तिला मागे ओढून धरतात. समजा, मागे असे दोन पट्टे आहेत. पट्टा ट्रेलरच्या तळाशी ३० अंशांचा कोन करीत असेल तर ७२० किलोंचे बळ रोखताना प्रत्येक पट्ट्यावर सुमारे ४१५ किलोंचा ताण येतो. कोन ४५ अंश झाला तर तो सुमारे ५१० किलो होतो आणि ६० अंशांवर पूर्ण ७२० किलो. पट्टा जितका उभा, तितकी त्याची पुढे-मागे रोखण्याची शक्ती कमी. उलट तो अगदीच आडवा असेल तर गाडीला खाली दाबून धरणार नाही. म्हणून ३० ते ४५ अंशांच्या दरम्यानचा कोन व्यवहारात सोयीचा ठरतो.

काय आवळावे, काय मोकळे ठेवावे

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. आपल्याकडे ट्रेलरवर गाडी बांधताना दोर किंवा साखळी बहुधा बंपरला, बंपरच्या कंसाला किंवा तळाच्या एखाद्या भोकाला अडकवून ‘गाडी बसेपर्यंत’ आवळतात. गाडी स्प्रिंगांवर दाबली जाते, हलवून पाहिली तर हलत नाही, आणि सर्वांचे समाधान होते. हे समाधान फसवे आहे.

बॉडी खाली ओढून बांधली म्हणजे बांध आणि ट्रेलर यांच्यामध्ये स्प्रिंग आली. ट्रेलर खड्ड्यात गेला की स्प्रिंग आणखी दबते, बॉडी खाली येते आणि पट्टा क्षणभर सैल पडतो. त्या क्षणात उघड्या तोंडाचा हुक कडीतून निसटू शकतो. पुढच्याच क्षणी स्प्रिंग उसळते आणि पट्ट्याला हिसका बसतो. असे हिसके एका प्रवासात हजारो वेळा बसतात. ते पट्टा सहन करील, परंतु गंजलेला पत्रा आणि साठ वर्षांचे रबरी बुश करतीलच असे नाही. शिवाय पूर्ण दाबलेली स्प्रिंग धक्का शोषण्याचे आपले काम करू शकत नाही. प्रत्येक धक्का थेट बॉडीच्या जोडांवर जातो.

म्हणून नियम असा की खालचा भाग, म्हणजे चाके अथवा ॲक्सल, ट्रेलरला घट्ट जखडावा आणि वरचा भाग त्याच्या स्प्रिंगांवर मोकळा डोलू द्यावा. बॉडी हलताना दिसली म्हणजे बांधणी सैल आहे असे नाही. चाक हलले तर मात्र ती सैल आहे.

अस्थिरोगाच्या अभ्यासकाला हे तत्त्व परके नाही. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) यांनी तयार केलेला स्प्लिंट पहिल्या महायुद्धात त्यांचे शिष्य रॉबर्ट जोन्स यांच्या आग्रहाने आघाडीवर वापरला गेला आणि मांडीच्या हाडाच्या भंगाने दगावणाऱ्या सैनिकांचे प्रमाण पूर्वीच्या मानाने फार खाली आले. त्या स्प्लिंटमध्ये मोडलेल्या जागेवर दोर करकचून आवळलेला नसतो. वर बैठकीच्या हाडाजवळचे कडे आणि खाली पावलाशी दिलेला ताण असे दोन भक्कम आधार निवडून मधला भाग स्थिर ठेवला जातो. आधार कुठे घ्यावा हे आधी ठरते. किती आवळावे हा प्रश्न नंतरचा.

फियाटसाठी आधाराच्या जागा पुढीलप्रमाणे. मागे अखंड ॲक्सल आहे. त्याच्या नळीभोवती, शक्य तितका चाकाजवळ, मऊ अस्तर असलेला ॲक्सल पट्टा गुंडाळावा. मात्र त्या नळीवरून ब्रेक ऑइलची बारीक नळी गेलेली असते. पट्टा तिच्यावर येता कामा नये, कारण ती दबली तर गाडी उतरवताना ब्रेक लागणार नाहीत. पुढे स्वतंत्र स्प्रिंगा असल्याने खालच्या आडव्या भुजेचा चाकाकडील भाग हा आधार आहे. स्टिअरिंगचे दांडे, शॉक ॲब्सॉर्बर, सायलेन्सर किंवा बंपर यांना चुकूनही हात लावू नये. खाली शिरण्यास जागा नसेल किंवा आधाराबद्दल शंका असेल तर टायरवरून जाणारा चाकपट्टा उत्तम. तो टायरला तीन बाजूंनी मिठी मारतो आणि गाडीच्या कोणत्याही धातूला स्पर्श करीत नाही. चाकपट्टा वापरताना टायरमधील हवा मात्र निघण्यापूर्वी मोजलेली असावी, कारण हवा उतरली की पट्टा आपोआप सैल होतो.

अमेरिकन नियमांत मोटारीसाठी पुढे आणि मागे मिळून किमान दोन बांध सांगितले आहेत. माझा आग्रह चारांचा असतो, प्रत्येक चाकाला एक. त्यांतील एखादा निकामी झाला तरी उरलेले तीन ट्रेलर थांबेपर्यंत गाडी धरून ठेवतील. डावा आणि उजवा पट्टा एकमेकांविरुद्ध ओढत असावेत, म्हणजे बाजूची हालचालही रोखली जाते.

पट्टा आणि त्याची चिठ्ठी

काथ्याचा दोर, नायलॉनचा दोर, साखळी आणि रॅचेटचा पट्टा हे चारही प्रकार आपल्याकडे वापरात दिसतात. काथ्याचा दोर भिजतो, सुकतो आणि प्रत्येक वेळी त्याचा ताण बदलतो. नायलॉन ताणले जाते. साखळी भक्कम असते, परंतु ती मुळीच ताणली जात नसल्याने हिसका जसाच्या तसा पुढे पाठवते आणि रंग खरवडते. पॉलिएस्टरचा विणलेला, ५० मिलिमीटर रुंदीचा रॅचेट पट्टा या कामासाठी सर्वांत योग्य, कारण तो कमी ताणला जातो आणि पाण्याने त्याचे बळ विशेष घटत नाही.

चांगल्या पट्ट्यावर एक चिठ्ठी शिवलेली असते. औषधाच्या बाटलीवरील मजकूर वाचल्याशिवाय आपण औषध देत नाही. तोच न्याय येथे लावावा. युरोपीय मानकानुसार निळी चिठ्ठी पॉलिएस्टरची, हिरवी नायलॉनची आणि तपकिरी पॉलीप्रॉपिलीनची. तिच्यावर बांधण्याची क्षमता डेकान्यूटन या एककात लिहिलेली असते; एक डेकान्यूटन म्हणजे स्थूलमानाने एक किलोचे बळ. विक्रेता बहुधा पट्टा तुटण्याचा आकडा सांगतो. तो उपयोगाचा नाही. सुरक्षित कार्यभार हा सामान्यतः त्याच्या एक-तृतीयांश धरतात. साडेचार हजार किलोंना तुटणारा पट्टा दीड हजार किलोंसाठी आहे असे समजावे. आपल्या हिशेबात प्रत्येक पट्ट्यावर चार-पाचशे किलो येत होते. तेव्हा असा पट्टा पुरेसा आहे आणि हिसक्यांसाठी थोडी शिल्लकही राहते.

चिठ्ठी फाटलेली, कडेला काप गेलेला, उन्हाने विटून कडक झालेला किंवा बॅटरीच्या आम्लाचे डाग पडलेला पट्टा वापरू नये. पट्ट्याला गाठ मारून तो आखूड करू नये. गाठीपाशी त्याचे बळ फार घटते. तो धारदार पत्र्याच्या कडेवरून जात असेल तर खाली रबराचा किंवा जाड कातड्याचा तुकडा घालावा. हुक उघड्या तोंडाचा नसून खटका असलेला असावा. आणि रॅचेटच्या दांड्याला पाइप लावून कोणी आवळू लागला तर त्याला थांबवावे. हाताच्या जोराने जेवढा ताण येतो तेवढा पुरे असतो. त्यापुढचा ताण फक्त रॅचेट आणि कडी यांना थकवतो.

गाडी चढविताना

इजा बहुधा प्रवासात होत नाही. ती गाडी चढविताना किंवा उतरविताना होते. हे मी पुस्तकातून वाचून लिहीत नाही.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी माझ्याकडे वीस-एकवीस वर्षांचा एक मुलगा आणला गेला. तो ट्रेलरवर मदतनीस होता. जुनी मोटार विंचने रॅम्पवरून वर ओढली जात होती आणि विंचचा हुक बंपरला अडकवलेला होता. अर्ध्या चढावर बंपरचा कंस सुटला. मुलगा चाकाखाली ठोकळा सरकवण्यासाठी गाडीच्या मागे वाकला होता. त्याच्या उजव्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडे मोडली होती आणि जखम उघडी होती. शस्त्रक्रियागृहात नेण्यापूर्वी त्याने मला विचारले, ‘साहेब, गाडीला फार लागले नाही ना?’ गाडीच्या मालकाला तो ओळखतही नव्हता. पण महाग गाडी आहे एवढे त्याला सांगितलेले होते, आणि नुकसान आपल्या पगारातून कापले जाईल ही त्याची भीती होती. त्याचे हाड जुळायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत त्याच्या घरी पगार गेला नाही.

गाडी बांधण्याच्या शास्त्राकडे मी गंभीरपणे पाहू लागलो ते त्या मुलामुळे. म्हणून पुढील गोष्टी मी आग्रहाने सांगतो.

ट्रेलर सपाट, टणक जमिनीवर उभा करावा, तो ओढणाऱ्या वाहनाला जोडलेला असावा, त्या वाहनाचा हँडब्रेक लावावा आणि ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावावेत. रॅम्पची फळी जितकी लांब तितका चढ सौम्य. जुन्या गाडीचा सायलेन्सर त्यामुळे घासत नाही. विंचचा हुक आधाराच्या भक्कम जागी, शक्यतो दोन्ही बाजूंना जोडलेल्या पट्ट्याच्या मध्यावर अडकवावा. गाडीत स्टिअरिंगवर एक जाणता माणूस असावा आणि तिचे ब्रेक आधी दाबून पाहिलेले असावेत. गाडी रॅम्पवर असेपर्यंत तिच्या मागे कोणीही उभे राहू नये, आणि विंचच्या ताणलेल्या तारेच्या रेषेतही नाही. ठोकळा सरकवायचाच असेल तर त्याला लांब दांडा लावून बाजूने सरकवावा. दहा रुपयांच्या बांबूने हे काम होते.

गाडी जागेवर आली की विंचच्या तारेवरील ताण काढून घ्यावा. विंच हे ओढण्याचे साधन आहे, बांधण्याचे नव्हे. त्यानंतर गाडी गिअरमध्ये घालून हँडब्रेक लावावा आणि मग चार पट्टे बांधावेत. गिअर आणि हँडब्रेक ही जोडीची मदत आहे. हिशेबात ती धरू नये.

भाराचे स्थान

जीप किंवा पिकअपमागे जोडलेला दोन ॲक्सलचा ट्रेलर असेल तर गाडी त्यावर नेमकी कुठे उभी आहे याला फार महत्त्व आहे. फियाटचे इंजिन पुढे असल्याने तिचे वजन पुढच्या बाजूस अधिक असते. म्हणून ती नेहमी नाक पुढे करून चढवावी. भाराचा मध्य ट्रेलरच्या चाकांच्या किंचित पुढे असावा, म्हणजे जोडणीच्या ठिकाणी खाली दाब राहतो. गाडी व ट्रेलर मिळून जे वजन होते त्याच्या १० ते १५ टक्के दाब जोडणीवर असावा, अशी अमेरिकेतील रीत आहे. भार मागे गेला तर ट्रेलरचे शेपूट डोलू लागते, वेग वाढला की डोलणे वाढते आणि शेवटी ट्रेलरच पुढच्या वाहनाला खेचू लागतो. उलट दाब फार झाला तर ओढणाऱ्या वाहनाची पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग बिघडते. तेव्हा जोडणीवर किती दाब सोसेल हे त्या वाहनाच्या पुस्तिकेत पाहून ठेवावे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, हे येथे नमूद करतो. त्याची नोंदणी, दिवे आणि विमा ही कागदपत्रे निघण्यापूर्वी पाहावीत. आपल्या गाडीच्या विम्यात ट्रेलरवरील वाहतूक समाविष्ट आहे किंवा नाही, हेही लेखी विचारून घ्यावे.

बारीकसारीक कामे पुष्कळ आहेत, ती थोडक्यात सांगतो. पेट्रोल पाव टाकीपेक्षा अधिक ठेवू नये. बॅटरीची तार काढून ठेवावी. चाकांच्या टोप्या, एरियल, सैल आरसे काढून आत ठेवावेत. बॉनेटला मऊ दोरी बांधावी. उघड्या ट्रेलरवर गाडीला कापडी कव्हर घालू नये. वाऱ्याने ते फडफडते, खाली धूळ अडकते आणि रंग पॉलिशच्या कागदाने घासावा तसा घासला जातो. निघण्यापूर्वी चारही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत.

वाटेतील तपासणी

प्लास्टर घातल्यावर आपण रुग्णाला तसेच घरी पाठवीत नाही. बोटांचा रंग, ऊब, हालचाल पाहतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावतो. पट्ट्यांचेही तसेच आहे. निघताना घट्ट असलेला पट्टा पहिल्या काही किलोमीटरांत सैल होतो. गाडी आपल्या जागेवर बसते, टायर किंचित सरकतो, पट्ट्याचे पीळ उलगडतात. यात बांधणाऱ्याचा दोष नसतो. पण ते पाहिले नाही तर दोष असतो. अमेरिकेतील नियम सांगतात की पहिल्या ५० मैलांच्या, म्हणजे ८० किलोमीटरच्या आत एकदा, आणि त्यानंतर दर तीन तासांनी किंवा १५० मैलांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, भार तपासावा. आपले रस्ते पाहता मी पहिला थांबा १५ किलोमीटरवर घेतो.

एक प्रत्यक्ष उदाहरण देतो. आमच्या शहरातील एका ज्येष्ठ वैद्यांच्या निधनानंतर त्यांची फियाट इंदूरला त्यांच्या कन्येकडे पाठवायची होती. ती तेथे बालरोगतज्ज्ञ आहे. दूरध्वनीवर ती एवढेच म्हणाली, ‘काका, गाडी बाबांनी ठेवली होती तशीच यायला हवी.’ हालोल, गोध्रा, दाहोद, झाबुआ, धार असा मार्ग होता आणि झाबुआच्या पुढे माछलिया घाट. मी ट्रेलरसोबत गेलो.

निघण्यापूर्वी एका कागदावर चार पट्ट्यांचे चार रकाने आखले. प्रत्येक थांब्यावर वेळ आणि प्रत्येक पट्ट्याची स्थिती लिहायची, एवढेच. ड्रायव्हरभाईंना प्रथम हसू आले. पंधरा किलोमीटरवर मागचे दोन्ही पट्टे रॅचेटचे दोन-दोन दाते घेऊन गेले, तेव्हा हसू थांबले. गोध्र्याला मागचा डावा पट्टा आणखी एक दाता गेला. दाहोदला चारही पट्टे जसेच्या तसे होते. घाटाच्या अलीकडे ड्रायव्हरभाईंनी स्वतःहून ट्रेलर बाजूला घेतला, खाली उतरून चारही पट्ट्यांवर हाताने थाप मारली आणि मला मोठ्याने स्थिती सांगितली. घाट उतरल्यावर मागच्या उजव्या पट्ट्याने एक दाता घेतला. धार आणि इंदूर येथे काही फरक नव्हता. चाके सुरुवातीला ज्या खडूच्या खुणांवर उभी होती, त्याच खुणांवर ती इंदूरला होती.

उतरविताना क्रम उलटा असतो. प्रथम विंचची तार जोडावी, ठोकळे जागेवर आहेत हे पाहावे आणि नंतरच पट्टे सोडावेत. ताणलेला रॅचेट सोडताना तोंड आणि बोटे त्याच्यापासून दूर ठेवावीत. दांडा झटक्याने उलटतो. थकलेला माणूस घाई करतो, म्हणून उतरविण्यापूर्वी सर्वांना पाणी आणि चहा द्यावा, मग हात घालावा.

त्या कन्येने गाडी पाहण्याआधी माझ्या हातातील कागद मागून घेतला. वडिलांनी प्रत्येक सर्व्हिसिंगची नोंद ठेवलेली जुनी वही तिच्याकडे होती. तिच्यात तिने तो कागद शेवटचे पान म्हणून लावला. ड्रायव्हरभाईंनी त्यावर सही केली.

शेवटी थोडेसे

आपल्या सभासदांपैकी ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना एक विनंती आहे. वाहतूकदार ठरविताना भाड्याचा दर विचारण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. बांध कुठे घालणार? पट्ट्यांवर चिठ्ठी आहे का? वाटेत किती वेळा थांबून पाहणार? याची उत्तरे जो शांतपणे देईल त्याला थोडे अधिक पैसे द्यावे लागले तरी द्यावेत. आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या मदतनीसाचा अपघात विमा उतरविलेला आहे काय, हा चौथा प्रश्नही विचारावा. गाडीला विमा असतो, ट्रेलरला असतो. रॅम्पखाली वाकणाऱ्या मुलाला बहुधा नसतो.

चाकांसाठीच्या पट्ट्यांचा एक संच आणि वर सांगितलेल्या रकान्यांच्या कागदाच्या प्रती माझ्याकडे आहेत. मंडळाच्या कोणाही सभासदास त्या हव्या असल्यास जरूर मागून घ्याव्यात. बांधताना सोबत लागली तर रविवारी सकाळी मीही येईन.